दहा बाय बाराच्या तालीम-खोलीत स्टुडिओ मॉनिटर कसे लावावेत?

एप्रिल जवळ आला की वस्तीतली गायन पार्टी, जलसा पथक आणि रॅप करणारी नवी पोरं एकाच खोलीत पाळीपाळीने तालीम करतात. तिथेच गाणं रेकॉर्ड होतं, तिथेच मिक्स होतं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर पोहोचतं. गळा चांगला असतो, लेखणी धारदार असते. पण तेच गाणं चौकातल्या मोठ्या साउंडवर लागलं की नुसता ढुमढुमाट ऐकू येतो, शब्द बुडतात. वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गाणी ज्यांना तोंडपाठ आहेत, त्या श्रोत्यांना शब्दच ऐकू येणार नसतील तर बाकी मेहनत कशासाठी?

अशा वेळी दोष गायकावर किंवा साउंडवाल्यावर जातो. बहुतेकदा खरं कारण वेगळं असतं. मिक्स करणाऱ्याला त्याच्या खोलीने खोटं ऐकवलेलं असतं. आणि मंडळाने वर्गणी काढून आणखी महागडे स्पीकर घेतले तरी खोली खोटं बोलायचं सोडत नाही. म्हणून आहेत तेच मॉनिटर नीट कसे लावायचे, ते आम्ही इथे सांगत आहोत.

आधी मॉनिटर म्हणजे काय ते पाहू. घरातला म्युझिक सिस्टीमचा स्पीकर गाणं गोड करून ऐकवतो, बेस थोडा फुगवतो. मॉनिटरने असं काही करू नये, आहे ते तसंच ऐकवावं, ही अपेक्षा. यामाहाचा एनएस-१० हा स्पीकर १९७८ मध्ये खरं तर घरगुती वापरासाठी निघाला, पण त्यावर मिक्समधले दोष लपत नाहीत म्हणून तो जगभरच्या स्टुडिओंत जाऊन बसला. तो कानाला गोड लागतो असं फारसं कुणी म्हणत नाही. मॉनिटरचं कामही गोड लागण्याचं नाही.

आता खोलीकडे येऊ. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक लांबीची लाट अडकते आणि पुन्हा पुन्हा आपटून तोच सूर फुगवते. बारा फुटांच्या लांबीत हा सूर सुमारे ४७ हर्ट्झला येतो, दहा फुटांच्या रुंदीत ५६ ला, आणि त्याच्या दुपटीला म्हणजे ९४ आणि ११२ ला पुन्हा. छतही दहा फुटांवर असेल तर ५६ आणि ११२ दोन्ही डबल फुगतात. ढोलकीचा घुमारा आणि बेस गिटार यांचा बराच जीव याच पट्ट्यात असतो. गंमत अशी की हा फुगवटा खोलीत सगळीकडे सारखा नसतो. भिंतीला टेकून बसलेल्याला बेस भरपूर येतो, आणि खोलीच्या अगदी मधोमध बसलेल्याला ४७ आणि ५६ चा सूर जवळजवळ ऐकूच येत नाही. मधोमध बसून मिक्स करणाऱ्याला वाटतं बेस कमी आहे, म्हणून तो वाढवतो. मग चौकात काय होतं ते वर लिहिलंच आहे.

यावर उपाय म्हणजे बसण्याची जागा. मॉनिटर बारा फुटांच्या दिशेने तोंड करून, दहा फुटांच्या भिंतीजवळ ठेवा. आपलं डोकं त्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर, म्हणजे साडेचार फुटांवर यावं. हा आकडा दगडावरची रेघ नाही, सुरुवात करायची जागा आहे. तिथून अर्धा फूट पुढे-मागे सरकून ओळखीचं गाणं ऐका आणि ढोलकीची प्रत्येक थाप जिथे सारखी वाटेल तिथे थांबा. दोन मॉनिटरमध्ये चार फूट अंतर, आणि प्रत्येकापासून कानापर्यंतही चार फूट, असा समान बाजूंचा त्रिकोण झाला पाहिजे. डावी-उजवी भिंत दोन्ही मॉनिटरपासून सारख्याच अंतरावर हवी. एक मॉनिटर कोपऱ्यात आणि दुसरा दाराजवळ, ही मांडणी आम्हाला सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात जास्त नुकसान तीच करते.

मॉनिटर भिंतीपासून किती दूर ठेवायचा, यावर पोरांमध्ये नेहमी वाद होतो. “भिंतीपासून लांब ओढ” हा सल्ला मोठ्या खोलीसाठी ठीक आहे. मागच्या भिंतीवरून परतलेली लाट मूळ लाटेला एका ठिकाणी खाऊन टाकते. मॉनिटरचं तोंड भिंतीपासून एक मीटरवर असेल तर तो खड्डा ८६ हर्ट्झच्या आसपास पडतो, नेमका नको तिथे. लहान खोलीत मॉनिटर भिंतीजवळच बरा. मागे चार-सहा इंच जागा सोडा, तोंड भिंतीपासून एक फुटाच्या आसपास येईल. खड्डा वरच्या सुरांकडे सरकतो आणि तिथे भिंतीवर लावलेली जाड गादी त्याला आवरू शकते. भिंतीजवळ ठेवल्यामुळे बेस वाढतो, त्यासाठी मॉनिटरच्या पाठीमागे बटण असतं. यामाहा एचएस-५ वर ‘रूम कंट्रोल’ नावाने ०, -२ आणि -४ असे पर्याय आहेत. ते वापरा. ती बटणं कारखान्यातून आली तशीच राहिलेली आम्ही कितीतरी खोल्यांत पाहिली आहेत.

उंचीचा प्रश्न आपल्याकडे जरा वेगळा आहे. वरचा लहान स्पीकर, म्हणजे ट्वीटर, कानाच्या उंचीवर यावा हा नियम. खुर्चीवर बसणाऱ्याचा कान जमिनीपासून पावणेचार ते चार फुटांवर असतो. सतरंजीवर मांडी घालून पेटी वाजवणाऱ्याचा कान अडीच फुटांवर. दोघांसाठी एकच उंची जमत नाही. मिक्स करणारा खुर्चीवर बसणार की खाली, हे मंडळाने एकदा ठरवावं आणि त्याच उंचीला मॉनिटर ठेवावेत. स्टँड नसेल तर सिमेंटचे ब्लॉक रचून वर जाड रबराचा तुकडा ठेवला तरी भागतं. पोकळ टेबलावर मात्र ठेवू नका, टेबलच वाजायला लागतं.

भिंतींसाठी अंड्यांचे ट्रे लावायची पद्धत अजून गेलेली नाही. त्यांचा बेसवर काहीही परिणाम होत नाही. पातळ फोम फक्त वरचे सूर खातो, म्हणजे स्वर-व्यंजनांची चमक जाते आणि ढुमढुमाट तसाच राहतो. शिवाय खोलीत मेणबत्ती-अगरबत्ती लागत असेल तर साधा फोम आणि कागदी ट्रे हे आगीला आमंत्रण आहे. चार इंच जाडीचं रॉकवूल लाकडी चौकटीत बसवून कापडाने घट्ट झाका. रॉकवूल पेटत नाही, पण त्याचे तंतू खाजतात, म्हणून काम करताना मास्क आणि हातमोजे घाला. पैसे कमी असतील तर कोपऱ्यात उभ्या केलेल्या कापसाच्या गाद्या आणि घड्या घातलेल्या गोधड्याही मदत करतात. बाजूच्या भिंतीवर कुठे लावायचं? एकाने मिक्सच्या जागी बसावं, दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. बसलेल्याला आरशात मॉनिटर दिसला की तिथे खूण करायची.

हे सगळं खोलीच्या आतला आवाज सुधारण्यासाठी आहे. शेजारच्या घरात जाणारा आवाज गाद्यांनी थांबत नाही, तिथे जड दार आणि बुजवलेल्या फटी लागतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शेजारी आपलेच असतात, त्यांच्याही मुलांच्या परीक्षा असतात.

आवाजाची पातळी एकदा ठरवून टाका. मोठ्या आवाजात प्रत्येक मिक्स भारी वाटतो आणि हळू आवाजात बेस कानाला कमी लागतो, म्हणून रोज वेगळी पातळी ठेवली तर निर्णयही रोज बदलतात. इतक्या लहान खोलीत एकेका मॉनिटरवर पिंक नॉइज वाजवून बसण्याच्या जागी ७६ डेसिबलच्या आसपास ठेवायची पद्धत आहे. मोबाइलवरचं मोजमाप अगदी अचूक नसतं, पण डावा-उजवा सारखा आहे का ते कळतं. ८५ डेसिबलला रोज आठ तासांपर्यंत ऐकावं आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करावी, अशी अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस आहे. ९४ ला एक तास. बहिरं झालेलं कान परत येत नाही.

ढोलकी जोरात चालू असताना गायकाचा माइक याच मॉनिटरमधून ऐकायचा मोह टाळा. ढोलकीला गाठण्यासाठी आवाज वाढवला की माइक शिट्टी मारतो आणि ट्वीटर जळतो. तालमीसाठी वेगळा छोटा साउंड किंवा हेडफोन ठेवा.

सामायिक खोलीची खरी अडचण म्हणजे आपण लावलेलं दुसरी पार्टी हलवते. त्यात कुणाची लबाडी नसते, त्यांना जागा लागते. म्हणून मॉनिटरच्या आणि खुर्चीच्या पायांभोवती जमिनीवर रंगीत टेप लावा, आवाजाच्या बटणावर पेनाने खूण करा आणि मागच्या बटणांचा फोटो काढून भिंतीवर चिकटवा. आल्याबरोबर एक ओळखीचं गाणं मोनोमध्ये वाजवा. गायकाचा आवाज बरोबर मधून आला पाहिजे. तो कुठूनच येत नाहीये असं वाटलं तर एखादी वायर उलटी जोडलेली आहे. घूं असा आवाज येत असेल तर सगळी यंत्रं एकाच बोर्डावर आणा, बॅलन्स्ड वायर वापरा आणि खोलीचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. आवाज जातो म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कापणं जिवावर बेतू शकतं.

चालू करताना आधी इंटरफेस किंवा मिक्सर, शेवटी मॉनिटर. बंद करताना आधी मॉनिटर. हे दाराच्या आतल्या बाजूला, बटणांच्या वर, ठळक अक्षरांत लिहून लावा.