नांदायला नकार, आणि त्यानंतर

१८८४ साली दादाजी भिकाजी मुंबई उच्च न्यायालयात गेले. बायकोला नांदायला पाठवा, एवढीच त्यांची मागणी. रखमाबाई गिरगावात सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढलेल्या. अकराव्या वर्षी लग्न लागलं, पण सासरी त्या कधी राहिल्याच नव्हत्या. आता विशीत येऊन त्या ठामपणे सांगत होत्या, जायचं नाही.

१८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो टिकला नाही. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांचा हुकूम आला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. टिळकांचा ‘केसरी’ विरोधात, शहरातले सनातनी विरोधात. त्या काळात हे धैर्य किती मोठं होतं! १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. पुढे रखमाबाई लंडनला शिकून डॉक्टर झाल्या. या वादाच्या धगीतच १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला. त्याने काय दिलं? संमतीचं वय दहाऐवजी बारा वर्षं.

मतपेटीपर्यंतची वाट त्या मानाने लवकर मोकळी झाली. मुंबई विधिमंडळाने १९२१ मध्ये बायकांना मताधिकार दिला, मात्र मालमत्तेच्या अटीवर. परळ-लालबागच्या चाळींतून गिरणीत जाणाऱ्या बहुतेक कामगार बायका त्यात बसतच नव्हत्या. १९२३ मध्ये अवंतिकाबाई गोखले मुंबई महापालिकेच्या सभासद झाल्या. त्याच वर्षी नांदायला नकार देणाऱ्या पत्नीला तुरुंगात टाकण्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेतून गेली. रखमाबाईंच्या नकाराला कायद्याने दिलेलं हे उत्तर, पस्तीसहून अधिक वर्षं उशिरा.

गिरणीतल्या बाईसाठी खरा कायदा आला तो १९२९ चा, बाळंतपणाच्या पगारी रजेचा. आईच्या विश्रांतीत राष्ट्राचं हित आहे, असं डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये विधिमंडळात मांडलं होतं. कायदा झाला, पण गिरण्यांतलं बायकांचं प्रमाण पुढे घटतच गेलं.

कायदेशीर घटस्फोट मुंबई प्रांताने १९४७ मध्येच दिला. केंद्राचा हिंदू विवाह कायदा १९५५ चा, आणि त्याच्या कलम ९ मध्ये नांदायला बोलावण्याचा तो जुना दावा तसाच राहिला. आंध्र उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी वैध. आता नवराबायको दोघांनाही हा दावा करता येतो. हुकूम मोडला तर तुरुंग नाही, पण मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. हे कलम रद्दच व्हायला हवं.