पडद्याच्या अलीकडे

मुंबईत धोबी तलावच्या कोपऱ्यावर उभं असलेलं मेट्रो चित्रपटगृह ज्याने आखलं, तो थॉमस लॅम्ब मूळचा स्कॉटलंडमधल्या डंडीचा. जन्म १८७१ चा. लहानपणीच तो अमेरिकेत आला, न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये शिकला आणि काही काळ त्याने इमारत-निरीक्षकाची नोकरी केली. मला ही नोकरी महत्त्वाची वाटते. जिना अरुंद आहे का, आग लागली तर माणसं कुठल्या दाराने बाहेर पडतील, हे पाहण्याची सवय त्याला तिथेच लागली असणार.

१९०९ पासून तो थिएटरं बांधू लागला. सिनेमा तेव्हा अजून दुकानाच्या गाळ्यांत दाखवला जात होता. अशा काळात, १९१३ साली, त्याने न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या रीजंट थिएटरला व्हेनिसच्या डोजेंच्या राजवाड्याचा दर्शनी भाग दिला. चार आण्यांच्या करमणुकीला आलेल्या माणसाचंही राजेशाही स्वागत व्हावं, हा त्यातला विचार मला फार मोठा वाटतो.

टोरांटोत तर त्याने एकावर एक अशी दोन थिएटरं रचली. खालचं, आजचं एल्गिन, सोनेरी नक्षीचं. सात मजले वरचं विंटर गार्डन म्हणजे बागच. त्याच्या छताला बीच झाडाची खरी पानं टांगलेली. १९२८ मध्ये ते बंद पडलं आणि दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं ते थेट १९८९ मध्ये.

या जोडीचा मालक मार्कस लो. लॅम्ब त्याचा हक्काचा वास्तुविशारद झाला. पुढे १९२४ मध्ये लोच्या कंपनीच्या छत्राखाली मेट्रो-गोल्डविन-मेयर ही चित्रपटसंस्था उभी राहिली, आणि त्या धाग्याने तिच्या थिएटरांसाठी लॅम्बची रेखाटनं आधी कलकत्त्यात, मग १९३८ मध्ये मुंबईत पोचली. एव्हाना त्याने नक्षीकामाचा सोस सोडला होता. मेट्रो आर्ट डेकोचं, सरळ रेषांचं आहे. आतली भित्तिचित्रं मात्र इथली, चार्ल्स जेरार्ड यांच्या हाताखाली जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी रंगवलेली. १९५४ चा पहिला फिल्मफेअर पुरस्कार सोहळा इथेच झाला.

लॅम्ब १९४२ मध्ये वारला. सॅन फ्रान्सिस्कोतलं त्याचं अवाढव्य फॉक्स थिएटर १९६३ मध्ये पाडलं गेलं. न्यूयॉर्कचं त्याचं एम्पायर वाचलं. १९९८ मध्ये ती इमारत १७० फूट सरकवून पंचवीस पडद्यांच्या मल्टिप्लेक्सचं प्रवेशदालन म्हणून वापरात आणली. मेट्रोचंही २००६ मध्ये मल्टिप्लेक्स झालं आणि एकसंध प्रेक्षागृह गेलं. तरी तिथे तिकीट काढाल तेव्हा दहा मिनिटं आधी जा आणि ती भित्तिचित्रं नीट पाहा.