कोर्टाचा कागद: कुठे शोधावा, कसा मागावा



आमच्या प्रवासखर्चाचा हिशेब पाहून एका वडीलधाऱ्या देणगीदारांनी विचारले, "खटला तर निकाली निघाला. मग त्या बहिणीला घेऊन पुन्हा पुन्हा कोर्टात कशाला जाता?" प्रश्न रास्त आहे. निकाल लागणे वेगळे आणि निकालाचा कागद हातात येणे वेगळे, हे त्याचे उत्तर. न्यायाधीशांनी पोटगी मंजूर केली, पण त्या आदेशाची शिक्का-सहीची प्रत, म्हणजे कोर्टाच्या भाषेत 'नक्कल', तिच्याजवळ नसेल तर वसुलीचा अर्ज अडतो. घटस्फोटितेला संजय गांधी निराधार अनुदान योजनेत अर्ज करायचा असेल, तर तिथेही कोर्टाचा कागद मागतात. सातपुड्याच्या पायथ्याशी काम करताना मी पाहते, की बहिणी न्याय मिळवतात आणि कागदावाचून तो वाया जातो. म्हणून हा कागद कसा शोधायचा आणि मागायचा, ते या अंकात सविस्तर लिहीत आहे. आपल्या मंडळीतही कोणाला तरी त्याचा उपयोग होईल.

प्रकरण खरेच कोर्टात गेले होते का?

सर्वांत आधी हेच विचारावे. आमच्या भागात नवराबायकोचा तंटा प्रथम पंचांपुढे जातो. काडीमोड होते, देण्याघेण्याचा हिशेब होतो, कधी स्टॅम्पपेपरवर अंगठे उमटतात. त्या कागदाला समाजात किंमत आहे, पण कोर्टाच्या दप्तरात तो सापडणार नाही, कारण तो तिथे गेलेलाच नसतो. १९५५ चा हिंदू विवाह कायदा केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याशिवाय अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यामुळे पुष्कळ आदिवासी घटस्फोट रूढीनेच होतात.

ख्रिस्ती जोडप्यांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी १८६९ चा घटस्फोट कायदा आहे आणि त्याखालचा अर्ज जिल्हा न्यायालयात चालतो. मंडळीच्या पंचांनी लिहून दिलेला कागद कायद्याने घटस्फोट ठरत नाही. पाळकबंधूंना माझी नम्र विनंती आहे: पुनर्विवाह लावण्याआधी कोर्टाच्या हुकूमनाम्याची नक्कल स्वतः पाहा आणि अपिलाची मुदत संपली आहे ना, हेही विचारा.

पोटगीला मात्र धर्म किंवा जमात आड येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली कोणतीही पत्नी स्वतःसाठी व मुलांसाठी पोटगी मागू शकते. १ जुलै २०२४ पूर्वी हेच कलम १२५ म्हणून ओळखले जात होते. जुन्या कागदांवर तोच आकडा दिसेल, गोंधळून जाऊ नये.

कोणत्या कोर्टात पाहायचे?

'कौटुंबिक न्यायालय' ही पाटी सगळीकडे नसते. १९८४ च्या कायद्याने दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी ते आवश्यक केले आणि बाकी ठिकाणी राज्य सरकारला गरज वाटेल तिथे स्थापण्याची मुभा ठेवली. जिथे असे न्यायालय नाही, तिथे पोटगीचे आणि २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखालचे अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, म्हणजे बहुधा तालुक्याच्या कोर्टातच चालतात. अनाथ लेकराच्या पालकत्वाचा अर्ज १८९० च्या कायद्याखाली जिल्हा न्यायालयात जातो. दत्तकाचे आदेश मात्र १ सप्टेंबर २०२२ पासून बाल न्याय कायद्याखाली जिल्हाधिकारी देतात. त्यानंतरचा असा कागद कोर्टात शोधून उपयोग नाही.

पोटगीचा अर्ज नवरा राहतो तिथे, बायको राहते तिथे किंवा दोघे शेवटी एकत्र राहिले तिथे करता येतो. म्हणजे तिच्या माहेरचा तालुका, सासरचा तालुका आणि ऊसतोडीला किंवा मजुरीला गेले ते गाव, अशा तीन जागा तपासाव्या लागतात.

जुन्या प्रकरणांत आणखी एक गुंता असतो. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून. महसुली जिल्हा झाला त्याच दिवशी कोर्टाचाही जिल्हा वेगळा होतो असे नाही. त्यामुळे नव्या जिल्ह्यात फाइल मिळाली नाही, तर जुन्या जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात चौकशी करावी. निकाली निघालेल्या फाइली तालुक्याच्या कोर्टातूनही काही काळाने जिल्ह्याला जातात. निकालपत्र आणि हुकूमनामा जास्त काळ जपले जातात, बाकीचे कागद ठराविक वर्षांनी नष्ट करतात. म्हणून उशीर करू नये.

नंबर कसा काढायचा?

नक्कल विभागाच्या खिडकीवर पहिला प्रश्न येतो, "नंबर काय? वर्ष कुठलं?" आमच्या बहिणीचे उत्तर असते, "होळीच्या आधी गेलो होतो, धाकटा पोटात होता." हे उत्तर टाकाऊ नाही. मुलाच्या जन्मदाखल्यावरून वर्ष काढता येते, आणि वर्ष कळले की निम्मे काम झाले.

मग घरातले सगळे कागद एका जागी मांडावे. समन्स, वकिलाची पावती, जुन्या तारखेची चिठ्ठी, पोलीस ठाण्याचा कागद, काहीही चालेल. कोपऱ्यात कुठेतरी प्रकरणाचा नंबर लिहिलेला असतो. काहीच नसेल तर वकिलांच्या कार्यालयात विचारावे. घरगुती हिंसाचाराचे प्रकरण असेल तर तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे नोंद सापडू शकते.

मोबाइलवर शोधायचे असल्यास 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' हे सरकारी अॅप आहे. त्यात जिल्हा आणि कोर्ट निवडून पक्षकाराचे नाव व वर्ष घालता येते. दोन गोष्टी सांभाळाव्या. पहिली, 'प्रलंबित' ऐवजी 'निकाली' निवडून पाहावे. संपलेले प्रकरण प्रलंबितमध्ये दिसणार नाही. दुसरी, नावाचे स्पेलिंग. वसावे, पाडवी, गावित ही आडनावे इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात. शिवाय बाईचे नाव माहेरचे घातले की सासरचे, हे सांगता येत नाही. म्हणून नवऱ्याच्या नावानेही शोधावे आणि आडनावाची पहिली तीन-चार अक्षरेच घालावी.

प्रकरण सापडले की 'सीएनआर' क्रमांक आधी वहीत लिहावा. तो सोळा अक्षर-अंकांचा असतो आणि भारतभर त्या एकाच प्रकरणाचा असतो. मात्र अॅपवर दिसणारी किंवा उतरवून घेतलेली प्रत म्हणजे प्रमाणित नक्कल नव्हे. कौटुंबिक प्रकरणातला आदेश तिथे दिसेलच असेही नाही.

अर्ज आणि खर्च

नकलेचा अर्ज साधा असतो: कोर्टाचे नाव, प्रकरणाचा प्रकार, नंबर व वर्ष, दोन्ही पक्षांची नावे, निकालाची तारीख, कोणता कागद हवा आणि अर्जदाराची सही किंवा अंगठा. 'सगळे कागद' असे मोघम लिहू नये. 'अमुक तारखेचा पोटगीचा आदेश' असे नेमके लिहावे. अर्जाची पोच घ्यावी. नकलेवर अर्जाची, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख असते, ती तपासून घ्यावी. अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळण्यात गेलेला आवश्यक वेळ वगळला जातो आणि त्याचा पुरावा म्हणजे याच तारखा.

आता महत्त्वाची गोष्ट. पोटगीच्या आदेशाची प्रत जिच्या बाजूने आदेश झाला तिला विनामूल्य द्यावी, असे कायद्यातच लिहिले आहे. ते कलम १४७ मध्ये आहे, जुन्या कायद्यात १२८. घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम २४ खालीही पक्षकारांना आदेशाची प्रत विनामूल्य मिळते. हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट झाला असेल, तर हुकूमनाम्याची एक प्रत दोघांनाही फुकट द्यायची असते. तरी कोर्टाबाहेरच्या टपरीवर बसलेला कोणीतरी "नकलेचे एवढे होतील" म्हणतो आणि बहीण मजुरीचे पैसे काढून देते. अर्जातच कलमाचा उल्लेख करून विनामूल्य प्रत मागावी.

ज्या कागदांना फी लागते, त्यांच्यासाठीही वाट आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीची व्यक्ती आणि कोणतीही स्त्री, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीस पात्र आहे. या मदतीत वकिलाबरोबर आदेशांच्या प्रमाणित प्रती मिळवून देणेही येते. तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय तालुक्याच्या कोर्टातच असते आणि १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो.

कोणी मागावे, कोणी मागू नये

पक्षकाराला किंवा तिच्या वकिलाला नक्कल मिळते. तिऱ्हाईताला कारण दाखवून कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. म्हणून आम्ही संस्थेच्या नावाने अर्ज करत नाही. बहिणीला खिडकीपाशी उभी करतो आणि आम्ही शेजारी उभे राहतो. हा नियम जाचक वाटला तरी योग्य आहे. घरातली भांडणे चव्हाट्यावर येऊ नयेत म्हणूनच कौटुंबिक न्यायालयाचे कामकाज बंद दाराआड चालवता येते. समुपदेशकाजवळ केलेले बोलणेही गोपनीय मानले जाते.

काही कार्यकर्ते माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतात. त्यात वेळ जातो. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी सांगितले आहे, की कोर्टाच्या न्यायिक कागदांच्या प्रती कोर्टाच्याच नियमांनी मागाव्या, माहिती अधिकारातून नव्हे.

एका वर्षाची मुदत

आता त्या वडीलधाऱ्या बंधूंच्या प्रश्नाकडे येते. डोंगरातल्या एका बहिणीची गोष्ट सांगते. नाव-गाव देत नाही. तिला पोटगी मंजूर झाली होती. नवऱ्याने थोडे महिने पैसे दिले, मग थांबवले. ती दोन हंगाम मुलांसह ऊसतोडीला गेली. आमच्याकडे आली तेव्हा एकोणीस महिन्यांची पोटगी थकली होती आणि हातात एकही कागद नव्हता. नंबर शोधून, नक्कल मिळवून अर्ज गेला. पण रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला तरच तिच्या वसुलीसाठी या कलमाखाली वॉरंट निघते. बारा महिन्यांची रक्कम मागता आली, त्याआधीची मागता आली नाही. त्या पैशांत दोन लेकरांचे पावसाळ्याचे धान्य होते.

कागद तिच्या पेटीत असता, तर पहिला हप्ता चुकला त्याच महिन्यात कोणाला तरी दाखवता आला असता. तोच आदेश नवरा जिथे असेल तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडेही अंमलात आणता येतो. गुजरातेत कारखान्यावर गेलेल्या माणसापर्यंत पोहोचायला हाच रस्ता आहे, आणि तिथेही आधी आदेशाची प्रत लागते.

मंडळीने काय करावे

यिर्मया संदेष्ट्याने शेत विकत घेतले तेव्हा खरेदीखत बारूखाजवळ देऊन मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितले, पुष्कळ दिवस टिकावे म्हणून. शहराला वेढा पडला असतानाही त्याने कागदाची काळजी घेतली. आपणही एवढे करू शकतो:

१. ज्या बहिणीचे प्रकरण कोर्टात आहे, तिचा सीएनआर क्रमांक तिच्या परवानगीने पाळकांच्या वहीत लिहून ठेवावा.
२. निकाल लागला की त्याच आठवड्यात नकलेचा अर्ज करायला तिच्याबरोबर कोणीतरी जावे. एकटीला खिडकी भीती दाखवते.
३. मूळ नक्कल प्लास्टिकच्या पिशवीत तिच्याजवळ राहावी. झेरॉक्स दुसऱ्या घरी ठेवावी. पावसात कूड गळते.
४. पोटगी मिळाली की तारीख लिहावी. दोन महिने चुकले तर लगेच विधी सेवा समितीकडे जावे.

पाड्यावरून तालुक्याला यायचे म्हणजे जीपचे भाडे आणि बुडालेली मजुरी. तुमच्या देणगीतला प्रवासखर्च यासाठीच जातो. सध्या चार बहिणींच्या नकलांचे अर्ज कोर्टात आहेत. त्यांच्यासाठी, नक्कल विभागात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी आणि पोटगी देण्याचे टाळणाऱ्या पित्यांच्या मनपरिवर्तनासाठी कृपया प्रार्थना करा.

प्रभूच्या सेवेत,
आपली बहीण