पट्टीवरची तीन नावं

बैठक उठली की एखादी मावशी पिशवीतून गोळ्यांची अर्धी पट्टी काढते. ‘सिस्टर, मेडिकलवाल्यानं दिली. कंबर दुखली की घेते.’ रोज? ‘कामावर जायचं तर घ्यावीच लागते.’ आम्ही तिला रागावत नाही. खाडा झाला की तिची मजुरी बुडते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण पट्टी उलटून वाचतो. बऱ्याचदा एकाच गोळीत तीन औषधं निघतात: अॅसिक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि क्लोरझोक्साझोन.

पहिलं डायक्लोफेनॅकच्या घरातलं. इजा झालेल्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, त्यांनी सूज येते, ठणका लागतो. हे औषध ती तयार होऊ देत नाही. मात्र हीच रसायनं जठराचं अस्तर जपतात आणि किडनीचा रक्तपुरवठा सांभाळतात. ठणक्याबरोबर तेही संरक्षण जातं. म्हणून उपाशीपोटी, पाणी कमी पिऊन उन्हात राबणाऱ्या बाईला ही गोळी महाग पडते. शौच डांबरासारखी काळी झाली, लघवी कमी झाली, पायांवर सूज आली तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठावा. डायक्लोफेनॅक दिलेली गुरं मेल्यावर ती खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी झाल्या, म्हणून २००६ मध्ये आपल्या देशात जनावरांसाठी ते बंद झालं. माणूस गिधाडापेक्षा पुष्कळ सोसतो, पण रोज रोज नाही.

पॅरासिटामॉल पोटाला सौम्य, त्याचा भार यकृतावर. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसात फार तर ४ ग्रॅम. अशक्त किंवा दारू पिणाऱ्याला त्याहून कमी. कंबरेच्या गोळीवर तापाची गोळी घेतली की तेच औषध दुप्पट जातं, हे कुणी सांगत नाही.

क्लोरझोक्साझोन स्नायू सैल करतं, पण स्नायूला हात न लावता. ‘आखडून धर’ हा निरोप मेंदू आणि मज्जारज्जूतच मंद करतं. म्हणूनच गुंगी येते. ते घेऊन परातीवर चढू नये, दारूबरोबर तर नकोच.

या तिन्हींतलं एकही हाड भरत नाही. हाड आतून सतत झिजवलं जातं आणि पुन्हा बांधलं जातं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, तोडणाऱ्या पेशींचा जोर वाढतो. हे ठिसूळ होणं दुखत नाही. पाय घसरून मनगट मोडतं तेव्हा कळतं. अॅलेंड्रोनेट त्या तोडणाऱ्या पेशींना आवरतं. डॉक्टरांनी आठवड्याची गोळी दिली तर सकाळी उठल्यावर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्या. नंतर अर्धा तास चहा नाही, आडवं पडणं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते. शरीरात कॅल्शियम, ड जीवनसत्त्व कमी असेल तर आधी ते भरून काढावं लागतं. दात काढायचा असेल तर डॉक्टरांना ही गोळी आधी सांगा.

बिननावाच्या पुड्यांपासून मात्र लांबच राहा. त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. दुखणं झटकन जातं आणि हाड पोखरतं.

मेडिकलमध्ये पट्टी कापून देतात तेव्हा नाव आणि मुदत छापलेला तुकडा मागून घ्या.