घराची किल्ली घरातच

पेढीची किल्ली आपण परक्याच्या हाती देत नाही. मग घरातील दिव्यांची का द्यावी? बाजारातील अनेक ‘स्मार्ट’ बटणांची आज्ञा कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवरून फिरून येते. तो बंद पडला की सोय संपते.

शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी ८२६६ ही वायफाय चिप २०१४ साली आली आणि असे बटण हौसेने घरी घडवणे अल्प खर्चात शक्य झाले. २०१३ साली सुरू झालेली ‘होम असिस्टंट’ ही मोफत प्रणाली त्याचा सारा कारभार घरातल्याच संगणकावरून चालवते.

चिप ३.३ व्होल्टवर चालते, दिवा २३० व्होल्टवर. मध्ये रिले हा पहारेकरी. ही जोडणी मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी आणि भिंतीवरचे साधे बटणही चालू ठेवावे. वायफाय गेले तरी आजीबाईंना दिवा लावता आलाच पाहिजे.