जुन्या गोळीची बदनामी

दोन औषधं बदलून झाली, तरी नैराश्य हटलं नाही. मग मानसोपचारतज्ज्ञांनी चिठ्ठीवर ॲमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन किंवा नॉरट्रिप्टिलिन लिहिलं, की घरातलं कुणीतरी मोबाइलवर नाव शोधतं आणि निकाल देऊन मोकळं होतं: ‘अहो, ही तर आजोबांच्या काळातली गोळी! हे डॉक्टर अजून तिथंच अडकलेत.’ चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांकडून हे ऐकून ऐकून आता वैताग येतो. ॲस्पिरिन 1899 सालचं आहे. ते घेताना कुणी सनावळी काढत बसत नाही.

गैरसमज : नवं औषध जुन्यापेक्षा जास्त गुणकारी असतं, म्हणूनच जुनं मागे पडलं.

जुनं मागे पडलं हे खरं, पण कारण वेगळं आहे. वरची तिन्ही औषधं ट्रायसायक्लिक गटातली. त्यांतल्या इमिप्रामिनचा नैराश्यावरचा गुण 1956-57 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या म्युन्स्टरलिंगनच्या मनोरुग्णालयात रोलँड कून यांच्या लक्षात आला. पुढची तीस वर्षं हाच गट उपचारांचा कणा होता. 1987 च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला परवानगी मिळाली, त्याच्या जातीची एसएसआरआय औषधं एकामागून एक आली आणि डॉक्टरांची पहिली पसंती बदलली. ही औषधं सोसायला सोपी होती आणि चुकून किंवा मुद्दाम जास्त घेतली गेली तरी जिवाला धोका बराच कमी होता. गुण मात्र जुन्यांहून मोठा ठरला नव्हता.

पुरावा हवा असेल तर ‘लॅन्सेट’मध्ये 2018 साली आलेला आंद्रेआ चिप्रियानी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास पाहा. 21 औषधं, 522 चाचण्या, एक लाख सोळा हजारांहून अधिक रुग्ण. नुसती परिणामकारकता मोजली तेव्हा यादीत सगळ्यात वर होतं ॲमिट्रिप्टिलिन, तेच ‘आजोबांच्या काळातलं’. दुष्परिणामांमुळे औषध सोडणाऱ्यांचं प्रमाण मात्र त्यात जास्त होतं.

आता एक रास्त शंका. उपचारांना दाद न देणारे रुग्ण ज्या चाचण्यांत मोठ्या प्रमाणावर होते, त्या या अभ्यासात घेतल्याच नव्हत्या. मग दोन औषधं फसल्यावर काय? त्यासाठी अमेरिकेतला ‘स्टार-डी’ अभ्यास आहे. त्याच्या तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे दोन उपचार निष्फळ ठरल्यानंतर, 235 रुग्णांपैकी काहींना नॉरट्रिप्टिलिन आणि काहींना त्याहून नवं मिर्टाझापिन दिलं गेलं. लक्षणं जवळपास पूर्ण ओसरण्याचं प्रमाण नॉरट्रिप्टिलिनवर सुमारे 20 टक्के होतं, तर मिर्टाझापिनवर सुमारे 12. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही, त्यामुळे जुनं जिंकलं असा डंका पिटू नये. पण नव्यानं जुन्याला मागे टाकलं, असंही त्यातून कुठे दिसत नाही. पाचांतला एक हा आकडा छोटा वाटतो. दोनदा निराश झालेल्या माणसासाठी तो छोटा नसतो.

म्हणजे ही औषधं निरुपद्रवी आहेत का? अजिबात नाहीत. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, झोप येते, वजन वाढू शकतं, उठताना चक्कर येते. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा हृदयविकार असेल तर तो आधी सांगायलाच हवा, आणि ईसीजी काढायला सांगितलं तर कुरकुर करू नये. जास्त मात्रेत ही औषधं हृदयाची लय बिघडवतात आणि जीवही घेऊ शकतात. मनात आत्महत्येचे विचार येत असतील तर डॉक्टर थोड्याच दिवसांच्या गोळ्या देतात आणि स्ट्रिप घरच्यांकडे ठेवायला सांगतात, ते याचसाठी. असे विचार येत असतील तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. ‘टेली मानस’चा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

उरलेले गैरसमज, थोडक्यात

*‘ही तर मायग्रेनची गोळी आहे.’* मायग्रेन आणि नसांच्या दुखण्यावर ॲमिट्रिप्टिलिन कमी मात्रेत देतात. नैराश्यावरची मात्रा बरीच जास्त असते.

*‘दहा दिवस झाले, काही फरक नाही.’* दुष्परिणाम आधी येतात, गुण नंतर. योग्य मात्रेत चार ते सहा आठवडे घेतल्याशिवाय निकाल देऊ नये.

*‘सवय लागते.’* दारूसारखी ओढ लागत नाही. पण एकदम बंद केल्यास मळमळ, अस्वस्थता, झोपमोड होते, म्हणून मात्रा हळूहळू उतरवतात.

*‘आधीच्या गोळ्या उरल्यात, त्याही संपवून टाकू.’* हे जीवघेणं ठरू शकतं. फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन यांच्यामुळे ट्रायसायक्लिकचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

*‘यावर चीज खाल्लं तर माणूस जातो.’* ते पथ्य एमएओआय या दुसऱ्या जुन्या गटाचं. ट्रायसायक्लिकला ते लागू नाही.

*‘आता शॉकच उरला.’* शॉक ही शिक्षा नाही. तीव्र नैराश्यात तो फार परिणामकारक उपचार आहे, आणि भूल न देता तो देण्यास 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदी आहे.

*‘दोन औषधं फसली, म्हणजे आजार असाध्य.’* बऱ्याचदा औषध फसलेलंच नसतं. मात्रा अपुरी असते, गोळ्या चुकलेल्या असतात, थायरॉइड तपासलेलं नसतं, दारू चालू असते, किंवा आजार मुळात बायपोलर असतो. बायपोलरमध्ये ट्रायसायक्लिकमुळे उन्मादाचा झटका येण्याची भीती असते, म्हणून पूर्वी कधी तसं झालं असेल तर ते लपवू नका.

तेव्हा पुढच्या भेटीत औषधाच्या जन्मसालावर वाद घालू नका, चार प्रश्न विचारा. आधीची औषधं पुरेशा मात्रेत आणि पुरेसे दिवस दिली गेली होती का? माझ्या हृदयाला हे चालेल का? फरक कधीपर्यंत दिसायला हवा? आणि नाहीच दिसला, तर पुढे काय? या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली, तर गोळी 1957 ची असो की 2017 ची, घ्यायला हरकत नाही.