दत्तक चालणारी भाषा

2023च्या जुलैत पर्ल 5.38 आलं आणि ‘क्लास’ हा शब्द भाषेत रीतसर दाखल झाला, प्रायोगिक म्हणून का होईना. पण या क्लासच्या ऑब्जेक्टला पुन्हा ‘ब्लेस’ करायला, म्हणजे दुसऱ्या क्लासच्या नावावर चढवायला, मनाई! ते मला लागलं.

पहिली वर्षं भरभर उलटू. 1987चं लॅरी वॉलचं पर्ल मजकूर चाळायचं, अहवाल छापायचं. ऑब्जेक्ट आले 1994च्या पाचव्या आवृत्तीत. आमचं दशक पुढचं. 1 एप्रिल 2005ला विक्रीकर जाऊन व्हॅट आला आणि कोल्हापुरात उद्यमनगरातल्या फौंड्र्यांची बिलं आम्ही पर्लमध्ये नव्यानं बसवू लागलो. कुणाला एक्साइज, कुणाला नाही. कुणाचं कास्टिंग निर्यातीला, कुणाचं इथंच. प्रत्येक जोडणीला वेगळा क्लास लिहायचा तर ढीग झाला असता. पर्लमध्ये क्लासचे आईबाप म्हणजे ‘आयएसए’ नावाची साधी यादी. प्रोग्राम चालू असतानाच गिऱ्हाईक बघून नवं नाव रचायचं, यादीत हवे ते क्लास भरायचे आणि तयार बिल त्या नावावर ब्लेस करायचं. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव 1884 साली दत्तक येऊन शाहू छत्रपती झाले, तसंच हे. माणूस तोच, घराणं नवं.

भानगडीही होत्या. दोन्ही बापांकडून आजा एकच असला, की पर्ल डावीकडच्या बापावरून थेट आजाकडं जायचं. उजवीकडच्यानं बदललेली मेथड बघायचंच नाही. कराचा आकडा गुपचूप चुकायचा. 2007च्या डिसेंबरात 5.10नं मेथड शोधायचा ‘सी3’ क्रम दिला, तोही मागितला तरच. खरं औषध त्याच्या आदल्या वर्षीच स्टीव्हन लिटलच्या ‘मूस’ या पर्ल मॉड्यूलनं आणलं होतं: रोल, म्हणजे क्लासला जोडायचा मेथडींचा गठ्ठा. दोन रोलमधल्या एकाच नावाच्या मेथड भिडल्या, की जोडतानाच बोंब. बिल छापून गेल्यावर नव्हे. तयार ऑब्जेक्टलाही रोल लावता यायचा; मूस आतल्या आत निनावी क्लास करून त्याला पुन्हा ब्लेस करायचं.

घात केला सहाव्या पर्लच्या वायद्यानं. घोषणा 2000ची, भाषा हाती आली 2015च्या नाताळात, आणि 2019ला नावही बदलून ‘राकू’ झालं. तोवर पुण्याच्या गिऱ्हाइकांनी पायथॉन धरलं, गावातली पोरं त्यांच्यामागं गेली. पर्ल वाचता येत नाही म्हणणाऱ्यांनी बहुधा घाईत खरडलेल्या सीजीआय स्क्रिप्टच वाचल्या असाव्यात.

आता क्लास आला तो एकाच बापाचा. रोल 5.38मध्ये नाहीत, 5.40मध्येही आले नाहीत. ज्याला खरी जोडाजोड करायची आहे त्यानं या क्लासच्या नादी लागू नये. मूस किंवा त्याचं हलकं भावंड ‘मू’ आजही उत्तम चालतं.